आतला चहा

साल होतं दोन हजार दोन. रीमाचं लग्न वैशाखात ठरलं होतं, आणि तिचे वडील नथूभाऊ यांना कंपवात जडून चार वर्षं झाली होती. वसईजवळच्या त्यांच्या केळीच्या वाडीत आता गडी राबत. नथूभाऊ ओटीवरही फिरकत नसत, दिवसभर माजघरात बसून राहत.

रीमाच्या आईच्या, शकूबाईंच्या जिवाला मात्र वेगळाच घोर लागला होता. मुंबईच्या इस्पितळातून एक डॉक्टरीण नथूभाऊंचं कसं चाललंय ते विचारायला घरी येणार होती. शेजारच्या बळीरामला असंच तपासायला म्हणून नेलं होतं, तो काही परत आला नाही. आपल्या माणसालाही ठेवून घेतील आणि मांडवात मुलीचा बाप नसेल, या भीतीने त्यांची झोप उडाली होती.

म्हणून त्या दिवशी सकाळीच त्यांनी नवऱ्याची दाढी करून दिली, इस्त्रीचा सदरा चढवला आणि बजावलं, "काय बी विचारलं तरी बरं हाय म्हना. रडगानं गायचं नाय."

"मी कवा गायलो?" नथूभाऊ पुटपुटले. हल्ली त्यांचा आवाजही बारीक झाला होता.

ती डॉक्टरीण, ज्ञानदा, आली ती रिक्षाने, वसईतल्याच एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या घरून. ओटीवरच्या बाकावर ऐसपैस बसली. शकूबाईंनी नथूभाऊंना माजघरातून आणून तिच्यासमोर बसवलं.

"काका, गेला महिना कसा गेला तेवढंच सांगायचं. कपडे घालताना अडतं का?"

"नाय," शकूबाई म्हणाल्या.

"चारचौघांत जायला संकोच वाटतो?"

"छे! ह्यांना कसला संकोच?"

"काकू, काकांना बोलू द्या की."

"पस्तीस वर्षं झाली लग्नाला," नथूभाऊ हळूच म्हणाले, "अजून बोलायची पाळी आली नाय माझी."

ज्ञानदा खळखळून हसली. शकूबाईंनी डोळे वटारले.

तेवढ्यात रीमा चहा घेऊन आली. एक कप पाहुणीला, एक आईला. ज्ञानदाने कप हातात घेतला आणि थांबली. घरधन्याने पाहुण्याबरोबर घोटभर तरी घ्यायचा, ही त्या गावांची रीत तिलाही ठाऊक होती.

"काकांचा कप?"

"ते चहा पीतच नाय," शकूबाई घाईने म्हणाल्या.

"चार वेळा पितो," नथूभाऊ म्हणाले. "आत. भिंतीकडं तोंड करून."

तेच पुढे सांगू लागले, "सांडतो. कोनी बघितलं की जास्तच सांडतो. व्याह्यांच्या पंगतीला तर मी बसनारच नाय. त्या दिवशी ताप आला म्हनून सांगायचं, असं ठरवून ठेवलंय."

शकूबाईंनी पदर तोंडाला लावला. ज्या मांडवासाठी एवढा खोटेपणा केला, तिथे हा माणूस आपणहूनच नसणार होता.

"न्या मग ह्यांना," त्या हुंदका देत म्हणाल्या.

"कुठे?"

"इस्पितळात. बळीरामला नेलं तसं."

"अहो काकू, मी न्यायला नाही आले! हात किती थरथरतो ते तपासून कळतं. पण त्या थरथरीपायी काकांचं काय काय सुटलं, ते त्यांनाच विचारायला हवं ना?" ज्ञानदाने कप खाली ठेवला. "गोळ्या कधी देता?"

"जेवनाबरोबर. मासळी नायतर डाळ खाल्ली की लगेच. एवढी कडक गोळी उपाशी पोटी कशी द्यायची?"

"तिथेच घोटाळा होतोय बहुतेक. मोठ्या डॉक्टरांना विचारून कळवते."

दोन दिवसांनी फोन आला. गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यायची, मासळी-डाळीबरोबर ती नीट लागू पडत नाही. आठवड्याभरात नथूभाऊंचा हात पूर्ण शांत झाला असं नाही, पण घास तोंडापर्यंत जाऊ लागला. रीमाने मोठ्या कानाचा मग आणला. तो अर्धाच भरायचा.

लग्नात नथूभाऊ व्याह्यांच्या शेजारी पंगतीला बसले. कढी सांडलीच, सदऱ्याच्या बाहीवर. व्याह्यांनी वाकून पाहिलं आणि आपलं कढीने डागाळलेलं धोतर दाखवलं, "हे बघा, माझा तर हात चांगला आहे!" वाढणाऱ्या शकूबाईंना हसू आवरेना.

ज्ञानदा वर्षाने तेच प्रश्न घेऊन पुन्हा आली, तेव्हा शकूबाई मुद्दाम चुलीपाशी बसून राहिल्या. पुढे ती नाशिकला गेली, दिवाळीला मात्र तिचा फोन न चुकता येई. रीमा विरारला नांदते, तिचा मुलगा आता शाळेत जातो. नथूभाऊ आणखी सहा वर्षं जगले. शेवटचं वर्ष अंथरुणात गेलं, पण तोवर चारही वेळचा चहा त्यांनी ओटीवरच घेतला, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत. तो मोठ्या कानाचा मग शकूबाईंनी कोणाला दिला नाही. आता त्या स्वतःच त्यातून चहा पितात, आणि काठोकाठ भरतात.