जिन्याखालची मेंढरं

"दगड न्हायत ती, मेंढरं हायेत," मामा माझ्या खांद्यावरून म्हणाले.

मामा म्हणजे माझे सासरे, गोरोबा. खांद्यावरून म्हणाले, कारण आमच्या येडशीच्या घरात जिन्याखाली दुसरी जागाच नाही. शिलाई मशीनवर लॅपटॉप, धान्याच्या कोठीवर माझ्या नवऱ्यानं धाराशिवहून आणलेला जुना मोठा मॉनिटर, त्यांच्यासमोर मी आणि माझ्या पाठीशी स्टुलावर मामा. मला उठायचं तर आधी त्यांना उठावं लागतं. त्यांचे गुडघे काही ऐकत नाहीत, म्हणून दुपारभर आम्ही दोघंही जागचे हलत नाही.

माझं काम ऐकून लोकांना हसू येतं. आकाशातून काढलेले फोटो येतात. मोठ्या पडद्यावर फोटो बघायचा आणि लॅपटॉपवर नाव द्यायचं: घर, झाड, दगड, जनावर. फोटो कुठल्या मुलखातले, ते कुणी सांगत नाही. याआधी सहा वर्षं मी धाराशिवला साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असायचे. ही खुर्ची मला फार प्रिय आहे, उगाच कशाला लपवू.

लॅपटॉपचं मामांना काही पडलेलं नाही. त्यांना मॉनिटर हवा. गुडघ्यांपायी दोन वर्षांपूर्वी कळप विकला, तेव्हापासून ते रामलिंगच्या डोंगराकडे फिरकले नाहीत. आता दुपारी टेबलफॅन घरघरत असतो, मला पेंग येत असते आणि मामा परमुलखातल्या माळावरून सावकाश हिंडत असतात. "ह्या ओघळीला खाली पानी असनार," म्हणतात. मी फोटो सरकवते, तर खरंच पाणी निघतं. कधी कधी वाटतं, मी खुर्चीत नाहीच, त्यांच्या मागून चालते आहे आणि पायाखाली वाळलं गवत वाजतंय.

त्या दिवशी उजाड माळावर पांढऱ्या ठिपक्यांचा पुंजका आला होता.

"मेंढरं कशावरून, मामा?"

"सावल्या बघ, लई आखूड हायेत. भर उन्हात मेंढरं एकमेकीच्या पोटाखाली डोकी घालून हुबी ऱ्हात्यात. दगडाला कुठं ऊन लागतंय?"

मला पटलं. मी 'जनावर' लिहून पाठवलं. तासाभरात काम तपासणाऱ्या सृष्टीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"दीपालीताई, ते दगड आहेत. तुमच्या दोन चुका आधीच झाल्यात. तिसरी लागली की काम बंद होतं, माझ्या हातात काही नसतं. पाचच्या आत बदलून पाठवा."

"अहो, आमचे सासरे सांगतायत. चाळीस वर्षं मेंढरं राखलीत त्यांनी."

"त्यांनी तिथं जाऊन बघितलंय का?" तिनं गोडच विचारलं आणि फोन ठेवला.

मला राग आला. सृष्टीचा, आणि खरं सांगायचं तर थोडा मामांचाही. दुकानातला तो काउंटर, संध्याकाळी सुजलेले पाय, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी तो फोटो पुन्हा उघडला, तरी बोट पुढे होईना. ज्यानं आयुष्यभर हेच बघितलं, त्याला त्याच्यासमोर खोटं कसं पाडायचं?

मामांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला, पुढे वाकून पुन्हा बघितलं.

"दगडच हायेत गं," ते म्हणाले. "माझी नजर गेली आता. लिही दगड."

घाट चढणाऱ्या कळपातली लंगडी मेंढी येडशीच्या स्टेशनावरून ओळखणारा हा माणूस. मी मागे वळून पाहिलं, पण ते माझ्याकडे बघेनात.

मी 'दगड' केलं. "पाठवू का, मामा?"

"किती वाजलं?"

"पावणेपाच."

"मग थांब जरा." त्यांनी हात लांब करून कळपापासून अलग पडलेल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही बाजूला गेलीय बघ. व्यायाला झालीय. कोकरू पडू दे तेवढं."

मी बटणावरून हात काढला आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो.