निडीच्या अलीकडे

"हलू नको गो, नागोठणं गेलं," मालू म्हणाली आणि तिने दिपूला खिडकीपासून ओढून मांडीवर घेतलं.

फ्रॉकवर छातीशी बांधलेली कापडी पिशवी तिने सोडली. पिशवीत कानाचं मशीन होतं, काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, आणि त्यातून निघालेल्या दोन वायरी दिपूच्या दोन्ही कानांपर्यंत गेल्या होत्या. कानातले साचे हलक्या हाताने फिरवून मालूने बाहेर काढले, वायरी गुंडाळल्या आणि सगळं रुमालात बांधून थैलीच्या तळाशी, कपड्यांच्या खाली सारलं. निडी स्टेशन यायच्या आत हे उरकावं लागे. समोरच्या बाकावरची बाई बघत होती. ती निडीची नव्हती, रोह्याची असावी, तेव्हा चालण्यासारखं होतं.

मशीन काढलं की दिपूच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझायचं. आत्तापर्यंत ती गाडीच्या खडखडाटाबरोबर मान हलवत होती, तीही थांबली. मालूला हे दर खेपेला दिसायचं. म्हणून पुढचा वेळ ती बाहेरची वालाची शेतं बघत बसायची.

घर निडीला, नवऱ्याची नोकरी धाटावच्या कंपनीत आणि बिऱ्हाड मात्र उलट्या दिशेला पेणला, हा कारभार गावात कुणाला कळत नसे. नाथा शिफ्टला पेणहून यायचा आणि निडीवरून पुढे जायचा. बायकोला तिच्या भावाच्या गणपतीच्या कारखान्यात काम मिळालंय, असं त्याने सांगून ठेवलं होतं. मालू खरोखरच तिथे मूर्तींचे दागिने रंगवायची, पण ते निमित्त. खरं कारण म्हणजे दिपूला बोलायला शिकवणाऱ्या बाई दर शनिवारी पेणला यायच्या, आणि पेणमध्ये पोरीच्या छातीवरची पिशवी बघून कुणी सासूला, सीताबाईंना, जाऊन सांगणार नव्हतं. गावाला वाटे, सीताबाईंचं सुनेशी पटत नसणार. तसं काहीच नव्हतं. उलट सीताबाईंसारखी सासू शोधून मिळाली नसती. तरीही तो आळ मालूने त्यांच्यावर राहू दिला होता. स्वतःची अब्रू झाकायला तिने म्हातारीचा पदर ओढून घेतला होता, असंच म्हणायला हवं.

आणि एवढं झाकायचं काय, तर एक ग्रहण.

पहिल्या बाळंतपणाला मालू पेणला माहेरी होती. गणपती तोंडावर आलेले, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. त्यात चंद्रग्रहण आलं. सीताबाईंनी निडीहून मुद्दाम माणूस पाठवला होता: "सुनेला म्हनावं, गिरानात काय कापू-चिरू नको, गप बसून र्‍हा." मालूची आईही तेच म्हणत होती. पण भावाची माणसं कमी पडत होती, आणि तिला वाटलं, कापायचं-चिरायचं थोडंच आहे? ती आतल्या खोलीत कच्च्या मूर्ती घेऊन बसली आणि कोरणीने त्यांच्या कडा साफ करत राहिली. कानांच्या कडा. सुपाएवढे कान, आणि त्यांच्या पाकळीवरची जादा माती ती खरवडत होती.

मुंबईच्या डॉक्टरांनी पुढे सांगितलं की याचा ग्रहणाशी काही संबंध नाही. कानाच्या आतली नस जन्मतःच कमजोर आहे, आईचा यात दोष नाही. मालूने मान डोलावली. डॉक्टर पेणचे नव्हते. त्यांना ते मातीचे कान कुठे दिसले होते? मशीन रात्रीची झोप सोडली तर दिवसभर लावायचं, काढायचं नाही, एवढं मात्र त्यांनी बजावलं होतं. आणि त्यावरही तिने मान डोलावलीच होती.

निडीला सीताबाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. नातीला बघून त्या उठल्या, पण हाक मारली नाही. त्या कधीच मारत नसत. समोर येऊन, वाकून, दिपूच्या हनुवटीला बोट लावत. मग दोघींचा खेळ सुरू होई. सीताबाई मूठ तोंडाशी नेत, म्हणजे जेवलीस का? दिपू पोटावर हात फिरवी. सीताबाई डोक्यावर दोन बोटं उभी करत, की दोघी गोठ्याकडे. या खेळात दिपू इतकी रमायची की मशीन नसल्याचं तिच्या लक्षातही राहत नसे. मालूला त्यातल्या त्यात तेवढाच आधार होता.

शेजारच्या गिरजाबाई मात्र यायच्याच. "अजून बोलत नाय गो पोर?"

"बोलंल," सीताबाई शेंग मोडत म्हणाल्या. "हिचा बापूस तरी कवा लवकर बोललेला?"

तेवढ्यात घरातून बारीक शिटी वाजायला लागली. घाईत मशीन बंद करायचं राहिलं होतं, आणि साचा मशीनला टेकला की ते असं किंचाळायचं. ती धावत आत गेली, थैली उपसली, बटण दाबलं. वळून बघते तर दारात सीताबाई.

"काय वाजतंय गो थैलीत?"

"घड्याळ हाय, आई. गजराचं. बिघडलंय."

सीताबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग थैलीकडे. "बरं," म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला गेल्या.

*

पेणचा तो वर्ग म्हणजे एका शाळेची मागची खोली. सुरभीबाई पनवेलहून यायच्या, वयाने मालूपेक्षा लहान, पण मालू त्यांना भिऊन असायची. त्या दिवशी त्यांनी घरच्या माणसांचे फोटो आणायला सांगितले होते. एकेक फोटो दाखवायचा आणि तो माणूस कसा बोलतो ते मुलांनी करून दाखवायचं.

"बाबा कसे बोलतात?" दिपूने गाल फुगवून जाड आवाज काढला. खोलीतल्या आया हसल्या. मामा कसा बोलतो? दिपू ओरडली, "रंग आण!" पुन्हा हशा. मालूला पोरीचा अभिमान वाटत होता.

"आणि आजी?"

दिपूने सीताबाईंच्या फोटोकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि हात हलवला. "आजीला आवाज नाय."

"नाही कसा? सगळ्यांना असतो."

"नाय. निडीला आवाज नाय." एवढ्याने बाईंना कळलं नाही असं वाटून ती बोटांवर मोजायला लागली. "आजी नाय. गाय नाय. कोंबडा नाय. निडीला नाय."

सुरभीबाई मालूकडे वळल्या. "आजींना बोलता येत नाही का?"

आता खरं सांगायला जागा होती. बाई चार शब्द बोलल्या असत्या, बोलायलाच हवं होतं. पण बाकीच्या आया बघत होत्या. मशीन काढून ठेवणाऱ्या आईबापांबद्दल बाई काय बोलतात ते मालूने ऐकलेलं होतं.

"नाही," मालू म्हणाली. "त्यांना वाचा नाहीये."

"अरेरे! आणि तुम्ही बोलला नाहीत कधी." बाईंनी मालूच्या खांद्यावर हात ठेवला. मालूला तो हात झटकून टाकावासा वाटला. घरी येईपर्यंत तिने दिपूकडे पाहिलं नाही. धडधाकट, ओटीवरून हाक मारली तर शेतात ऐकू जाईल अशा खणखणीत बाईला आपण मुकी केली. आणि ही पोर, जिला एकेक आवाज वेचून द्यायचा, तिच्यासाठी आपण अख्खं गाव बंद करून ठेवलं. दर खेपेला, आपल्या हाताने.

रात्री जेवताना ती नाथाला म्हणाली, "आईंना सांगून टाकूया."

नाथाने भात कालवला. "तूच म्हनालीस ना नको म्हनून?"

"मीच म्हणले होते."

"मंग तूच सांग," तो म्हणाला. त्यालाही कंपनीच्या बसमध्ये निडीची माणसं भेटायची. पोरगी कशी आहे असं विचारलं की तो "मजेत" म्हणायचा आणि विषय संपवायचा.

शिमग्याला जायचं ठरलं. मशीन काढायचं नाही, असं मालूने मनाशी पक्कं केलं. पिशवीला तिने नवं कापड लावलं, हिरवं, फुलाफुलांचं. लपवायचं नाही तर निदान चांगलं तरी दिसावं. गाडीत बसल्यावर काय बोलायचं त्याची ती मनात घोकंपट्टी करत होती. आई, मी तुमचं ऐकलं नाही. आई, गिरानात मी कानच कोरत होते.

नागोठणं सुटलं आणि दिपू खिडकीतून आपणहून आत वळली. तिने पिशवीची नाडी सोडली, कानातले साचे फिरवून काढले, आई करायची तसेच, हलक्या हाताने. वायरी गुंडाळल्या, आणि सगळं मशीन आईच्या मांडीवर ठेवून ती हात पुढे करून बसली. रुमाल मागत होती.

तिने मशीन परत लावायला हवं होतं. त्यात असं काय अवघड होतं? पण गाडी मंद व्हायला लागली होती, डब्यात होळीला निघालेली गावची दोन-चार माणसं होती, त्यातल्या एकाने "काय वयनी, शिमग्याला का?" म्हणून विचारलंही. मालूने रुमाल काढून दिला.

पुढच्या खेपेला, ती मनात म्हणाली.

*

पुढची खेप अशी आली की कारखान्यातला फोन वाजला आणि भावाने रंगाच्या हातानेच तो तिला दिला. पलीकडे नाथा होता. "आयसला झटका आला. उजवी बाजू गेली. रोह्याला दवाखान्यात ठेवलीय. तू पोरीला घेऊन ये."

"बोलतात ना?"

"नाय गो. वाचा गेली."

मालूने फोन ठेवला. त्यांना वाचा नाहीये, असं ती बोलली होती. तिच्याच तोंडाने, भरल्या खोलीत. म्हातारपणी रक्तदाब वाढतो, झटका येतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण ग्रहणाचंही तिला असंच कळत होतं, त्याने काय झालं?

नागोठणं गेलं. दिपूने सवयीने नाडीला हात घातला. मालूने तो धरला.

"राहू दे."

"निडी," दिपूने आठवण केली.

"राहू दे, बाय. आजपासून राहू दे."

गाडी निडीला थांबली. दिपू श्वास रोखून खिडकीशी उभी राहिली. रुळांपलीकडे कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, कुत्रं भुंकलं, टोपलीतली कोंबडी फडफडून ओरडली. दिपूने वळून आईचा दंड गच्च धरला. "हाय!" ती किंचाळली. "निडीला आवाज हाय!" डब्यातली माणसं बघायला लागली. मालूने मान खाली घातली नाही, पण तिला वर बघवतही नव्हतं.

वॉर्डात सीताबाई खाटेवर पडून होत्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उशाशी गिरजाबाई बसल्या होत्या. त्यांची नजर आधी पिशवीवर गेली, मग वायरींवरून वर.

"आगो बाय! कानाला काय हे? ऐकू नाय येत पोरीला?"

मालूने जीव एकवटून म्हटलं, "नाय येत. जन्मापासनं नाय."

म्हणताना ती गिरजाबाईंकडे नाही, सासूकडे बघत होती. सीताबाई मात्र तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी डावा हात उचलला आणि दिपूच्या छातीवर वाकडी झालेली पिशवी सरळ केली. नाडीला पीळ पडला होता, तो बोटाने सोडवला. त्यात नवल नव्हतं की विचारणं नव्हतं. शाळेला निघालेल्या पोरीची वेणी नीट करावी, तेवढंच.

"म्हनूनच गो!" गिरजाबाई म्हणाल्या. "सीताक्का मला सारखी सांगायची, पोरीला मागनं बोलवू नको, म्होरं जाऊन बोल. मी म्हनायची, काय लाड तरी!"

मालूचे कान तापले. ओटीवरच्या खाणाखुणा, मारलीच नाही ती हाक, थैलीकडे बघून म्हटलेलं "बरं". म्हातारीला सगळं ठाऊक होतं. सुनेला लाज वाटते म्हणून तिने स्वतःची जीभ आवरली होती, आणि सून तेवढ्यावरच गाडी हाकत राहिली होती.

"आई," ती खाटेवर वाकली, "गिरानात मी..."

सीताबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. त्यांना ऐकायचं नव्हतं, की ऐकून झालं होतं, हे विचारायची सोय आता उरली नव्हती.

मालूने दिपूला खाटेवर चढवून अगदी जवळ बसवलं. "ऐक, दिपू. आजी बोलेल. ऐक हां." तिने मशीनचं आवाज वाढवायचं चाक थोडं पुढे सरकवलं. सीताबाईंचे ओठ हलले. एकदा, मग पुन्हा. मालूने चाक आणखी फिरवलं. नुसता श्वास आला.

दिपूने वाट पाहिली. मग आईकडे वळून, लहान मुलाला समजावतात तसं ती म्हणाली, "नाय, आई. आजीला आवाज नाय ना."

तिला त्याचं दुःख नव्हतं. तिने मूठ तोंडाशी नेली. जेवलीस का? सीताबाईंच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसली. डावा हात पोटावरून फिरला. दिपूने डोक्यावर दोन बोटं उभी केली. सीताबाईंनी हात कलता करून उशीवर टेकवला, म्हणजे गाय निजलीय. वॉर्डात नाथासकट सगळे नुसते उभे होते, आणि त्या दोघींचं मात्र नेहमीसारखं चाललं होतं.

कुणाचं तरी भांडं पडलं. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. दिपू दचकली, कान धरून म्हणाली, "आई, मोठ्ठं होतंय." मालूचा अंगठा अजून चाकावरच होता. चाक कधीच शेवटाला जाऊन थांबलं होतं, आणि ती ते दाबतच होती.