नव्या तांदळाचे आभार

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, तांदळाचा. उल्हासनगरात एका कारागिराने मला ठोकून घडवले आणि संजीवनीताईने भरपूर घासाघीस करून धाकट्या बहिणीच्या, किर्तीच्या, रुखवतासाठी घेतले. तेव्हा मी असा चकाकत होतो की पाहुणे नवरी सोडून माझ्याकडेच बघत! आता कडा गंजल्या आहेत, झाकण कुरकुरते. पण किर्तीच्या सासरी, बेलवलीच्या या स्वयंपाकघरात माझे पोट कधी रिकामे राहिले नाही.

ताई बारवी धरणाकडे भातशेती करते आणि दरवर्षी नवा तांदूळ धाडते. किर्ती पहिला भात शिजवून लगेच ताईला फोन लावायची आणि तांदळाला चक्क नावे ठेवायची. ताई तिला वेंधळी म्हणायची. दोघी पोटभर भांडायच्या. मला ते फार आवडायचे.

मग किर्तीला एआयचा नाद लागला. आधी सोसायटीच्या पाण्याची तक्रार तिने त्याच्याकडून लिहून घेतली. सगळ्यांनी वाहवा केली. झाले, उठता बसता तेच! चौघांना तांदूळ किती, हेही त्यालाच विचारायची. वर्षानुवर्षे मुठीने मोजणारा तिचा हात माझ्या तोंडाशी अडखळायचा. मला वाईट वाटे.

यंदा तांदूळ आला, तेव्हा तिने फोन केलाच नाही. एआयचा मजकूर पाठवला, ‘आपण पाठवलेल्या उत्तम प्रतीच्या तांदळाबद्दल मनःपूर्वक आभार.’

सख्ख्या बहिणीचे आभार! ताईने बोलणेच टाकले. घाबरून किर्तीने माफीही एआयकडूनच लिहून घेतली. त्यावर ताईचा एवढाच निरोप आला, “परक्यांना मी तांदूळ देत नाय.”

त्या संध्याकाळी किर्ती माझ्याशेजारी फरशीवर बसली. पुन्हा एआयला विचारायला बोट फोनकडे गेले आणि थांबले.

“अगं बाई, माझ्या ताईशी काय बोलू, हेपण मी विचारतेय!”

तिने थेट फोन लावला. ताईने उचलला. “ताई, मला काही सुचतच नाही गं,” किर्ती म्हणाली. ती नुसती मुसमुसत राहिली.

“काय गं, रडतेस कशाला?” ताईचा आवाज मऊ झाला.

“ताई, भात पार गिचका झाला गं. एकदम बेकार!”

“पाणी बदाबदा ओतलं असशील! नवा तांदूळ हाय तो, येडे!”

मग जे भांडण जुंपले, ते ऐकून माझा पत्रासुद्धा सुखावला.

तक्रारी अजून एआयच लिहितो. घरच्यांशी मात्र किर्ती स्वतः बोलते. तांदूळ मुठीने घेते. कधी भात उरतो, कधी पुरत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या डब्याला अधूनमधून ऊन दाखवा, गंज घासा. आणि आपल्या माणसाला काय सांगावे ते सुचले नाही, तर तेच सांगा, की मला काही सुचत नाही. आपली माणसे तेवढ्यावरही भागवून घेतात.