टाचेचा खड्डा

चिखलातून टाच निघाली की तिचा खड्डा लगेच पाण्याने भरत नाही. आधी त्याची कड आत ढासळते, मग तळातून पाणी वर येतं, आणि सगळ्यात शेवटी गढूळपणा खाली बसतो. माधवीने हे शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून पाहिलं होतं आणि कागदामागून कागद घेऊन काढलं होतं. चंद्रपूरच्या कॉलेजात अॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाच्या फिल्मसाठी तिने धानाची रोवणी निवडली होती. आणि पाय आईचे.

आज त्याच बांधीत, धुऱ्यांनी वेढलेल्या धानाच्या त्याच तुकड्यात, रोवणी चालली होती. चहाला बाया धुऱ्यावर टेकल्या, तेव्हा तिने मोबाइल आईपुढे धरला. बायनाबाईने पदराला हात पुसले.

रेषांची एक बाई वाकून रोपं लावत एकेक पाऊल मागे येत होती.

“अवं, हे तं माईच टाच हाय! भेगा बी काढल्या काय व?”

शेजारची गिरजाबाई वाकली. “एवढी कॉलेजात धाडली, अन् पोरगी तुये पाय काढून राह्यली. तोंड तं काढाचं होतं माय!”

बाया हसल्या. माधवीने दुसरी फिल्म लावली.

हिच्यात रंग होते, ढग होते, पाणी चमकत होतं. कॉलेजातल्या सरांनी संगणकाला दोन ओळी सांगून ती कपातला चहा संपायच्या आत बनवली होती. त्यातली बाई पुढे चालत होती, नुकत्याच लावलेल्या रोपांवर पाय देत. माधवीने ते दाखवलं, तेव्हा सर म्हणाले होते, “कुणाच्या लक्षात येणार? हाताने काढणाऱ्याला आता कुणी घेत नाही, माधवी.” रागाने नाही. त्यांचीही उमर कागदावर चित्रं काढण्यात गेली होती. त्याच आठवड्यात चित्रं काढायची काचेची टेबलं अडगळीच्या खोलीत गेली. तेव्हापासून एक वाक्य माधवीच्या ओठांशी येऊन परत जात होतं. चामोर्शीच्या बाजारात आई अनोळखी बायांनाही पोरीचं कॉलेज सांगायची.

“हे तं रोपं तुडवून राह्यली!” गिरजाबाई खिदळली. “हिले कोन बलावन रोवणीले?”

बायनाबाई हसली नाही. तिने फिल्म पुन्हा लावायला सांगितली. मग आणखी एकदा.

“पर पुढं पाहून चालते व ते,” ती म्हणाली. “मले तं टाचेले धुरा लागते तवा समजते, बांधी सरली म्हणून.” मग तिने विचारलं, “तिकडं नोकरीले कोनतं चालते?”

“हे दुसरं.”

“मंग असंच काढ ना बाई. तू पुढं पाहूनच चाल.”

बाया उठल्या. माधवीने सलवार वर खोचली, रोपांची पेंडी उचलली आणि आईशेजारी ओळीत उतरली. चार रोपं लावून तिने पाऊल मागे घेतलं. समोर तिच्याच टाचेचा खड्डा. कड ढासळली. पाणी वर आलं. गढूळपणा बसेपर्यंत ती थांबली.

“आई,” ती वाकूनच म्हणाली, “मी कॉलेज सोडून राह्यली.”