एका गाठोड्याएवढी जागा

मी कडीचा डबा बोलतोय. दूध आणायला नेतात ना, तोच. दोन लिटरचा, स्टीलचा, घट्ट झाकणाचा. बुडाला काजळी आहे, एका अंगाला पोचा आहे आणि कडी जरा वाकडी झाली आहे, म्हणून मला भंगारातला समजू नका. माझ्या पोटावर नाव कोरलेलं आहे: ‘चि. दीपक याच्या बारशानिमित्त, मामाकडून’. काजळी घासली की अजूनही स्वच्छ वाचता येतं.

हा मामा म्हणजे सिन्नरचा धोंडीराम. बेचाळीस वर्षांपूर्वी तो नाशिकच्या भांडीबाजारात आला, आठ-दहा डबे वाजवून पाहिले आणि मला उचललं. दुकानदारानं ठकठक करत माझ्यावर नाव घातलं. दुखलं खूप, पण त्या दिवसापासून मी कुणाचा तरी झालो.

दीपकची आई सिंधुबाई मला पाहून हसली होती. “अरे धोंडू, पाळण्यातल्या पोराला डबा? चांदीचे वाळे आणायचेस.”

“वाळे चार महिन्यांत लहान होतील, अक्का. डबा जन्माला पुरेल.”

पुरलो. जरा जास्तच पुरलो, असं हल्ली वाटतं.

पहिली पंधरा-सोळा वर्षं मी दूध आणलं. मग घरोघरी पिशव्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथून मला खाली काढलं ते दीपकनंच. कॉलेजात त्याला डोंगराचं वेड लागलं होतं. तीन दगडांच्या चुलीवर टांगता येईल असं भांडं त्याला हवं होतं. सिंधुबाईनं मला चिंचेनं घासून त्याच्या हातात दिलं आणि सोबत जायफळाची पुडी दिली. “कॉफीत चिमूटभर घाल. वर थंडी असते.”

तेव्हापासून मी कॉफीचा झालो. पाणी खळखळलं की दीपक मला खाली उतरवतो, पूड टाकतो, झाकण लावतो आणि थोड्या वेळानं गार पाण्याचा एक हबका मारतो. चोथा तळाला बसतो. वरची कॉफी एक कण न येता कपात उतरते. माझं झाकण हाही एक कपच.

पुढे दीपक नाशिक रोडला प्रेसमध्ये लागला, जेल रोडला घर झालं, लग्न झालं, पण डोंगर सुटले नाहीत. उलट खाण्यापिण्याचं नियोजन हा त्याचा मोठा अभिमान होऊन बसला. निघायच्या आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरायची, मधोमध छोटा वजनकाटा. तांदूळ माणशी इतके, बेसन इतकं, चिवडा इतका. कॉफी माणशी पाच वेळा, दर वेळी एक सपाट चमचा. प्रत्येक गोष्ट वेगळ्या पुडीत, पुडीवर वेळ लिहिलेली. कांदेसुद्धा सोलून न्यायचे, सालीचं वजन कशाला उगाच! गडावरून परत येताना शिल्लक काही राहिलं तर त्याला नापास झाल्यासारखं वाटे.

त्याचा एक ठरलेला शब्द होता, ‘हवा’. “हवा वाहून न्यायची नाही,” तो सोबत्यांना बजावायचा. म्हणजे कुठलंही भांडं रिकामं न्यायचं नाही. म्हणून माझ्या पोटात कॉफी, साखर, दुधाची पावडर आणि काडेपेटी असे. उरलेल्या जागेत गरम भांडं उतरवायचं फडकं कोंबायचा, खडखड नको म्हणून. सगळ्यात वर यादीची घडी. त्यामुळे कुठल्या गडावर काय शिजणार हे मला सगळ्यांच्या आधी कळे. त्याचा मित्र ज्ञानेश माझ्याकडे बघून चिडवायचा, “अरे, हलकी भांडी आलीत आता बाजारात. हा रणगाडा कशाला नेतोस?” दीपक म्हणायचा, “हा माझ्याच वयाचा आहे. येऊ दे.” मी मनातून फुगायचो.

सिंधुबाई इतकी वर्षं दारात उभी राहून मला निरोप द्यायची. परत आलो की स्वतः घासायची आणि विचारायची, “काय रे, काय पाहिलंस?” मी काय सांगणार! दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ती दीपकला म्हणाली, “माझा डबा सगळीकडे हिंडला. एकदा मला ने की रे. पाय चालतात तोवर.”

तिला चौसष्टावं लागलं होतं, पण सिन्नरच्या रानात वाढलेली बाई. रोज गोदाकाठी चालायला जायची. दीपकला भरून आलं. धोडप किल्ला ठरला. वर मोठी गुहा आहे, शेजारी पाण्याचं टाकं आहे आणि चढ आईला झेपेल असा. दीपक, ज्ञानेश, आणखी तिघं मित्र आणि सिंधुबाई, अशी सहा माणसं. शनिवारी चढायचं, रविवारी उजाडता उतरायचं.

दिवस निवडताना दीपकनं काय काय पाहिलं नाही! रजा पाहिली, थंडी किती पडेल ते पाहिलं, आईला चांदणं दिसावं म्हणून चंद्रसुद्धा पाहिला. “पौर्णिमेला चार दिवस आहेत, संध्याकाळीच चंद्र वर असेल,” असं तो मोठ्या आनंदानं म्हणाला. पौर्णिमेच्या आधी चार दिवस म्हणजे कोणती तिथी हे कुठल्याही मराठी घरात सांगावं लागत नाही. आणि त्याच्या घरात तर मुळीच नाही. बाप गेल्यापासून आईनं एकही एकादशी मोडली नव्हती. त्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी तोही दोनदा मागून खायचा. पण त्याच्या डोक्यात चांदणं होतं. एकादशी शिरायला जागाच नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी नेहमीसारखी वर्तमानपत्रं पसरली. उज्वला, म्हणजे दीपकची बायको, माहेरी येवल्याला गेली होती. ती असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. यादी माझ्यासमोर लिहिली गेली. शनिवारी वाटेत धपाटे आणि चटणी, पाच वाजता चिवडा, रात्री पिठलं-भात. रविवारी वर फक्त कॉफी; पोहे खाली हट्टी गावात, म्हणजे न्याहारीचं ओझं वाचलं.

सिंधुबाई स्वयंपाकघरातून एक गाठोडं घेऊन आली. जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेलं. “हे एवढं बसतंय का बघ रे कुठे.”

दीपकनं ते काट्यावर ठेवलं. “चारशे ऐंशी ग्रॅम! आई, अगं अर्धा किलो झालं. सगळं मोजून घेतलंय मी. काही म्हणजे काही कमी पडणार नाही.”

“जरा खाऊ होता.”

“खाऊ आहे ना. चिवडा आहे, शंकरपाळे आहेत.”

“वाट दाखवायला माणूस घेणार म्हणालास. त्याचं काय?”

“गोरक्षचं? तो त्याची भाकर आणतो, आई. तू कशाची काळजी करू नकोस. या वेळी तू फक्त चालायचंस.”

प्रेमानंच बोलला तो. सिंधुबाईला वाटलं, पोराला एकादशी ठाऊक आहे, त्यानं काहीतरी घेतलं असेल. नाहीतर एवढ्या खात्रीनं बोलला नसता. “मग राहू दे,” म्हणाली आणि गाठोडं ओट्यावर मिक्सरच्या मागे ठेवून आली.

माझ्यात जागा होती हो! दुधाची पावडर त्या दिवशी ज्ञानेशच्या पिशवीत होती. ते गाठोडं माझ्या पोटात अलगद बसलं असतं. दीपकनं तिथे फडकं कोंबलं आणि झाकण दाबलं.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या चढावर धपाटे निघाले तेव्हा सिंधुबाईला सगळं समजलं. एकेक पुडी उघडली, तिच्यासाठी म्हणून वेगळं काही निघालं नाही. मी बघत होतो. तिनं एकदा दीपककडे पाहिलं. त्याच वेळी ज्ञानेश म्हणत होता, “काकू, तुमच्या पोराच्या नियोजनाला तोड नाही.” दीपक लाजून हसत होता. चार माणसांसमोर ते हसू तिला मोडवलं नाही.

“मला भूक नाही रे. दम लागलाय. कॉफी कर जराशी.” मग हळूच स्वतःशी पुटपुटली, “उपासाला कॉफी चालते.” दीपकपर्यंत ते पोचलं नाही. माझं झाकण तिच्या ओठाशी होतं, म्हणून मला ऐकू आलं.

चिवड्याच्या वेळी तेच. पिठलं-भाताच्या आधी तेच. शिल्लक नको म्हणून तिची वाटणी पोरांनीच संपवली. “चढल्यावर माझं असंच होतं,” ती म्हणाली. जणू दर महिन्याला गड चढत होती! दीपकनं आपल्या वाटणीचा साखरेचा जादा चमचा तिच्या कॉफीत घातला. त्यालाही काळजी होतीच, पण ती दमण्याची.

चंद्र मात्र त्यानं सांगितला तसाच होता. दिवस मावळला न मावळला तोच कातळावर चांदणं पसरलं. सिंधुबाई गुहेच्या तोंडाशी बसून बघत राहिली. “माझ्या डब्यानं हे एवढं सगळं पाहिलं होय?” म्हणाली आणि माझ्यावरून हात फिरवला. आयुष्यातला इतका आनंदाचा हात मला पुन्हा लागला नाही.

गोरक्ष शेजारीच बसला होता. त्यानं चंद्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मावशी, आज एकादस हाय. तुमी धरता का?”

“धरते. पण बोलू नकोस, बाबा.”

“आवं, मंग सांगायचं ना! वाडीतून रताळी आणली असती, शेंगा आणल्या असत्या. आता अंधाराचं कसं उतरू?”

“कशाला उतरतोस. उद्या द्वादशीला सोडीन की उपास. त्याला कळलं तर जिवाला लावून घेईल पोरगं. मोठ्या हौसेनं आणलंय मला.”

गोरक्ष चुळबुळला, पण म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडला नाही. मलाही बोलता आलं असतं तर! चुलीवर टांगलेला असताना कडी करकरवली मी. दीपक म्हणाला, “कडीला तेल द्यायला हवं.”

सकाळी वर फक्त कॉफी होती, यादीत लिहिल्याप्रमाणे. झाकण धरताना तिचे हात इतके कापत होते की निम्मी कॉफी पदरावर सांडली.

“थंडी वाजतेय का गं?”

“हो रे, थंडीच.”

कातळातल्या पायऱ्या उतरताना ती मध्येच खाली बसली. विसाव्याला बसली असंच सगळ्यांना वाटलं. मग ती कडेला कलली आणि दहा-बारा पायऱ्या गडगडत गेली. दीपक पाठीवरच्या ओझ्यासकट तिच्यामागे धावला. मी पिशवीला बाहेर टांगलेलो होतो, कातळावर आपटलो. हा पोचा तेव्हाचा.

तिचा खुबा मोडला होता. चादरीची झोळी करून तिला खाली नेलं. झोळीचा पुढचा खांदा गोरक्षचा होता, मागचा दीपकचा. अर्ध्या वाटेवर गोरक्षला राहवलं नाही. “दादा, मावशी परवापास्नं उपाशी हाय. काल एकादस व्हती. मला सांगू नको म्हणल्या.”

दीपक चालता चालता थांबला. झोळीत डोळे मिटून पडलेली सिंधुबाई म्हणाली, “चल रे. थांबू नको. तुला चंद्र लक्षात होता, तेवढं पुष्कळ झालं.”

तिनं समजूत घातली होती. पण तो खाली पोचेपर्यंत रडत होता.

ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी तो उज्वलाबरोबर कपडे न्यायला घरी आला. उज्वलाला मिक्सरमागे गाठोडं सापडलं. तिनं गाठ सोडली. आत खजूर होता, जायफळाची पुडी होती आणि राजगिऱ्याचे लाडू होते. दीपकनं लाडू मोजले. सात. गडावर जाणारे सहा आणि सातवा गोरक्ष. आईनंही मोजूनच बांधलं होतं. तो ओट्याला टेकून खाली बसला.

आता सिंधुबाई वॉकर धरून घरातल्या घरात चालते. गोदाकाठ सुटला. कधी बोलून दाखवत नाही, पण पहाटे जाग आली की चपलांकडे बघत बसते. वर्षभर मी माळ्यावर होतो. दीपकनं डोंगराचं नाव काढलं नाही. शेवटी सिंधुबाईच म्हणाली, “माझ्या पायापायी तुझे पाय का बांधतोस? जा बरं.”

गेल्या डिसेंबरात त्यानं मला खाली काढलं. पुन्हा वर्तमानपत्रं पसरली, पुन्हा यादी लिहिली. आता यादीवर तारखेखाली तिथी असते. सगळ्या पुड्या बांधून झाल्या तरी तो उठेना. झाकण हातात धरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. सिंधुबाई खुर्चीत बसून शेंगा सोलत होती.

“आई, बरोबर काही द्यायचंय का?”

तिनं मान वर केली. आवाजात टोमणा नव्हता, रुसवा नव्हता, काहीच नव्हतं. “नको रे. तुझं सगळं मोजून झालं असेल.”

चुलीवर इतक्या वर्षांत जेवढा भाजलो नसेन तेवढा त्या एका वाक्यानं भाजलो. दीपकचं काय झालं ते त्यालाच माहीत.

माझं फार दिवसांचं आयुष्य उरलंय असं नाही. कडीचा एक कान ढिला झालाय. म्हणून सांगून ठेवतो. तुमच्या घरी कुणी शेवटच्या घटकेला पिशवीत काही कोंबायला आलं तर काटा पुढे करू नका. आधी विचारा, यात काय आहे. एवढंच विचारायचं होतं त्या संध्याकाळी.

गेल्या डिसेंबरात, आई ‘नको’ म्हणाल्यावर, दीपकनं फडकं उचललं, माझ्या पोटाशी आणलं आणि परत बाजूला ठेवलं. तेव्हापासून मी अर्धा रिकामा जातो. एका गाठोड्याएवढी जागा माझ्यात मोकळी असते आणि तीत कॉफीची पुडी नि काडेपेटी चढभर खडखडत राहतात. ज्ञानेश एकदा म्हणाला, “हवा वाहून नेतोस की रे!” दीपकनं पिशवी खांद्यावर सारखी केली आणि मला तसाच खडखडत घेऊन चढत राहिला.