मोरया जरा थांबवा

माघी गणपतीच्या सकाळी खाडीवर असं धुकं साचलं होतं की धक्क्यावरून पलीकडचं गाव दिसेना. गावाला रस्ता झाला त्याला वर्षं लोटली, तरी गणपती यायचा तो पाण्यातूनच, आणि तोही दाजीच्याच होडीतून. यंदा दाजीचा खांदा धरलेला, म्हणून होडीचं मशीन नातीच्या हाती आलं. पिंकी. नववीत शाळा सोडलेली, राग नाकावर, नजर मात्र घारीची.

हमरापूरहून टेम्पोतनं आलेली मूर्ती पोरांनी होडीत बसवली. पिंकीनं मशीनची दोरी ओढली. खुर्र केलं आणि गप्प.

चुकलं ते इथंच. दाजी आधी मशीन चालू करायचा, मग देव बसवायचा. कारण एकदा बसलेला देव उचलून दुसऱ्या होडीत नेत नाय. आणि ओहोटी तर लागलेली. थोड्या वेळात होडी चिखलात बसली असती, देवासकट.

पिंकीचा चुलतभाऊ जितेश शेजारच्या होडीत दोरखंड घेऊन उभाच होता. त्याचं मशीन नवं, बटन दाबलं की चालू.

"बांधू काय? ओढून नेतो. पण पुढल्या वर्षीपासून देव आणायचा मान आमच्या होडीचा."

"तू गप रे!"

पिंकी दोरी ओढत राहिली. जितक्या वेळा दोरी, तितके पोरांचे मोरया.

"प्लग भिजला असंल गो," धक्क्यावरून दाजी म्हणाला. "पेट्रोल जास्त झालं."

तिनं प्लग खोलून बघितला. "आजा, हा तर कोरडा हाय!" टाकीच्या नळीवरचा रबरी फुगा दाबला, तो कडक. म्हणजे पेट्रोल मशीनपर्यंत येतंय. मग अडतंय कुठं? तिनं प्लग परत बसवला, चोकचं बटन ओढलं.

"गणपती बाप्पा..."

"अरे, मोरया थांबवा जरा! देव काय पळून चाललाय? मशीनचं ऐकू द्या!"

सगळे चिडीचूप. तिनं बटन आत सारलं, पुन्हा ओढलं. चोक ओढला की आतली हवेची झडप मिटते आणि टक् वाजतं, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. आज टक् नाय. झाकण काढून मोबाईलचा उजेड मारला. चोकची तार खाचेतून निसटून लोंबत होती. झडप उघडीच, मग गार मशीन पेटणार कसं? तिनं केसांचं रबर ओढून काढलं, तार खाचेत घातली आणि गच्च बांधली.

"देवापुढं केस मोकळे?" जितेश म्हणाला.

"तुझं रबर घेतलं असतं दादा, पण टकलावर असंल तर ना!"

पोरं खिदळली. तिनं बटन ओढलं. टक्. दोरी ओढली, मशीन खोकलं. पुन्हा ओढली, आणि पांढरा धूर सोडत ते पेटलं. पोरांनी तोंडं उघडली तसा पिंकीनं हात वर केला. हळूहळू बटन आत सारत राहिली, आवाज एकसारखा लागेपर्यंत. धक्क्यावर दाजीची मान त्या ठेक्यावर हलत होती.

जितेशनं दोरखंड गुंडाळून ठेवला. "आता मोरया म्हणू काय गो?"

"म्हणा की! मी कधी नको म्हटलं?"