चौथ्या पायाची टकटक

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि मित्रांनो, मला एका जागी स्वस्थ उभं राहता येत नाही. हा माझा स्वभाव नव्हे, सुतारकाम आहे. माझा मागचा उजवा पाय बाकीच्या तिघांपेक्षा एका जाड पुठ्ठ्याएवढा आखूड आहे.

मला घडवणाऱ्या सुताराला सगळे मामा म्हणत. त्या दिवशी त्यांना बारा खुर्च्या पुऱ्या करायच्या होत्या. अकरा होईपर्यंत ते गप्प होते. बारावीच्या वेळी त्यांचे मेहुणे गप्पा मारायला आले. मेहुणे म्हणाले, "अहो, ऐकलंत का?" मामांनी ऐकलं, करवत पुढे गेली आणि माझं भवितव्य ठरलं. माझ्या बैठकीखाली त्यांनी आपली खूण म्हणून एक छोटा मासा कोरला आणि माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. तसं पाहणारे ते पहिले आणि शेवटचे.

आम्ही बाराजणी बारा दिशांना विकल्या गेलो. मी एका दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लागले. माझ्यावर अर्धा तास बसलेला माणूस आत गेला की हमखास म्हणे, "डॉक्टर, मला अधूनमधून चक्कर येते." मग त्याचं रक्त तपासत, डोळे तपासत, कान तपासत. माझे पाय कोणीही तपासले नाहीत. फार तर एखादा रुग्ण वैतागून माझ्या पायाखाली घडी केलेला कागद सरकवी. जुन्या दिनदर्शिकेचा एक महिना, एक लग्नपत्रिका, मोडलेल्या छत्रीची पावती, असं बरंच साहित्य माझ्या पायाखालून गेलं आहे, पण नेमकी जाडी कशाचीच जमली नाही. मधल्या काळात मला तीनदा रंग दिला. रंगाने माणसं फसतात, फरशी फसत नाही.

मग वरच्या मजल्यावरच्या दालनात ताई आली आणि तिच्यासाठी मलाही वर नेऊन ठेवलं. ती आजारांवर योगोपचार करायची. तिच्या केसांत एक पेन्सिल खोचलेली असे आणि तीच पेन्सिल ती दिवसभर शोधत असे. गुडघे दुखणाऱ्या आणि पडायची धास्ती घेतलेल्या वयस्कर माणसांसाठी ती खुर्चीच्या आधाराने करायचा बारा आठवड्यांचा योगक्रम आखत होती. मला वाटायचं, चार आसनं घ्यायची, वर थोडा प्राणायाम भुरभुरायचा, झालं. तसं नव्हतं. कुठलं आसन आधी, कुठलं मागून, किती श्वास, कोणी करू नये, प्रत्येक गोष्टीला तिला कारण लिहावं लागे. मग तो मसुदा नऊ जाणकारांकडे गेला. प्रत्येक आसनापुढे त्यांनी "आवश्यक", "चालेल" किंवा "काढा" असं लिहायचं होतं. श्वास पाच की सहा यावरून दोन जाणकार तीन आठवडे भांडले, श्वासही न घेता. नववे जाणकार मितभाषी होते. त्यांनी पान चारवर एकच वाक्य लिहिलं: "खुर्ची स्थिर असावी."

ताईने पान नव्याने लिहून काढलं आणि त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी झाडलोट करणाऱ्या मावशींना मी डुगडुगताना दिसले. त्यांनी टोपलीतला एक कागद उचलला, घडी केली आणि माझ्या पायाखाली सारला. ते जुनं पान चार होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी स्थिर झाले, तीही स्थिर असण्याच्या नियमावर उभी राहून. हे सुख एक दिवस टिकलं. योगक्रम खरंच गुण देतो का, हे पडताळायचा पहिला वर्ग ज्या दिवशी भरला, त्याच सकाळी मावशींच्याच झाडूने पान चार नेलं.

वर्गात बाराजण आले. त्यात आमचे मामाही होते. जन्मभर फरशीवर गुडघे टेकून लाकूड कापल्याने आता गुडघ्यांनीच त्यांना टेकीला आणलं होतं. त्यांनी मला ओळखलं नाही. माझ्या वाट्याला आल्या शिंपीणकाकू. त्या गेल्या वर्षी न्हाणीघरात घसरल्या होत्या आणि तेव्हापासून घरातसुद्धा भिंत धरून चालत. त्यांची मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिला चार महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती. नातीला खाली आणून दाखवत असत, पण काकूंना तिला तिच्या स्वतःच्या पाळण्यात झोपलेली बघायचं होतं. मध्ये बेचाळीस पायऱ्या होत्या.

काकूंनी माझी पाठ धरली, एक पाय उचलला. टक्.

त्यांनी चमकून शेजारी पाहिलं. बाकीच्या अकरा खुर्च्या गुपचूप होत्या. काकूंनी मनाशी ठरवून टाकलं, "हलते ती मीच."

"काकू, ही टकटक कसली हो?" मामांनी विचारलं.

"गुडघे वाजतात माझे."

"अगदी लाकडासारखे वाजतात!"

"वयच तसं आहे," काकू म्हणाल्या.

बारा आठवडे हेच. त्या तोल सावरत, मी टक् करत असे. मित्रांनो, खरं काय ते ठाऊक असावं आणि बोलायला एकच शब्द असावा, तोही टक्, याहून मोठी घालमेल नाही. मी तो शब्द नाना स्वरांत म्हणून पाहिला. काकू प्रत्येक वेळी आणखी खजील होत.

शेवटच्या दिवशी ताईने सगळ्यांना दालनाच्या मधोमध, कशालाही न धरता, एका पायावर उभं केलं आणि हातात घड्याळ धरलं. पहिल्या दिवशी काकू चार सेकंद टिकल्या होत्या. आज एकतीस! बाकीच्यांत सगळ्यात जास्त सतरा.

"काकू, सगळ्यांच्या पुढे गेलात!"

"उगाच मन राखू नकोस गं. खुर्ची धरूनसुद्धा हलते मी. न धरता काय उभी राहणार?"

"अहो, आत्ताच राहिलात की!"

"चुकून राहिले असेन." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "लेकीला आजच सांगते, जिना काही माझ्याच्यानं व्हायचा नाही. फोटो पाठवत जा म्हणावं."

एवढ्यात मामा आले आणि दमून जवळच्या खुर्चीवर बसले. ती मी होते. मी जीव तोडून म्हटलं, टक्!

मामा उडालेच. "ताई, ही खुर्ची लंगडी आहे! बारा आठवडे ही टकटक माझं डोकं खातेय आणि मी काकूंच्या गुडघ्यांची कीव करतोय! कुठल्या गाढवानं केली ही?"

त्यांनी मला उलटी केली. बैठकीखालच्या माशाने त्यांच्याकडे पाहिलं.

"मासा मात्र झकास कोरलाय," मामा खालच्या आवाजात म्हणाले.

काकू पुढे आल्या. "म्हणजे हलत होती ती?"

"ती."

"मी नाही?"

"तुम्ही नाही हो."

काकूंनी हे तीनदा विचारलं. मग मामांच्या खुर्चीची पाठ धरून एक पाय उचलला. काहीच वाजलं नाही. त्यांनी हळूच हात सोडला. तरी काही वाजलं नाही. त्यांनी चपला घातल्या आणि पिशवी तिथेच विसरून त्या निघून गेल्या.

ताईचा चेहरा पांढरा पडला होता. "पडल्या असत्या तर?"

आकडेमोड करणारे सर कागदात डोकं घालूनच म्हणाले, "यांची नोंद वगळावी लागेल. खुर्ची पान चारप्रमाणे नव्हती."

"पण सगळ्यात चांगला आकडा तोच आहे!"

"म्हणूनच."

ताईने बराच वेळ पेन्सिल चावली. मग तिनेच तो आकडा बाजूला काढला आणि अहवालात सरळ लिहिलं, की एक खुर्ची सदोष होती आणि ती आम्ही तपासली नव्हती. काकूंना गुण आला तो आसनांनी, माझ्या डुगडुगण्याने की त्यांच्या हट्टाने, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. उरलेल्या अकराजणांची सुधारणा बेताची होती, पण खरी होती. नवव्या जाणकारांच्या वाक्यापुढे तिने भर घातली: "प्रत्येक वर्गाआधी प्रत्येक खुर्ची हलवून पाहावी."

मामांनी माझ्या चौथ्या पायाला रबरी टोपण बसवलं आणि मेहुण्यांचा मनापासून उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पिशवी न्यायला आल्या. ताईने धावत जाऊन विचारलं, "चढलात?"

"पायऱ्या एकोणचाळीसच आहेत गं," काकू म्हणाल्या. "जास्तीच्या तीन मी खाली बसून घाबरून मोजल्या होत्या."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी खुर्ची टक् करत असेल. तिच्यावर बसून आपल्या पायांना नावं ठेवू नका. उठा, तिला उलटी करा, तिचे पाय बघा. ती बिचारी केव्हाची सांगते आहे.